पोस्टमन अमर नसतो, तरीही चाला

‘चालल्याने आयुष्य वाढत असतं तर पोस्टमन अमर झाला असता. देवमासा दिवसभर पोहतो, तरी लठ्ठच. ससा उड्या मारून 15 वर्षं जगतो, कासव काहीच न करता 450 वर्षं. तेव्हा आराम करा!’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. मीही तो हसून सोडून दिला असता. पण मधुमेह असलेल्या माझ्या आत्याने संध्याकाळचं फिरणं बंद केलं आणि कारण विचारल्यावर हाच मेसेज उघडून दाखवला.

पोस्टमनवर खरोखरच अभ्यास झालेला आहे. 1953 मध्ये ब्रिटिश डॉक्टर जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसमधल्या कर्मचाऱ्यांची तुलना मांडली. ड्रायव्हर दिवसभर सीटवर, तर कंडक्टर तिकिटं देत दिवसभर जिन्याने वर-खाली. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता, आणि झालाच तर उशिरा. त्याच अभ्यासात पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारे पोस्टमन आणि टेबलाशी बसणारे कारकून यांचीही तुलना होती. तिथेही पोस्टमनचीच तब्येत बरी निघाली. कंडक्टर मुळातच सडपातळ असतील, अशी शंका कोणालाही येईल. मॉरिस यांनी पुढे गणवेशाच्या पँटींची मापं काढून तीही तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्या हे खरं, पण कमरेचं माप सारखं असलेल्यांमध्येही अचानक मृत्यू ड्रायव्हरांचेच जास्त होते. चालण्याने कोणी अमर होतं, असं कधी कोणी म्हटलेलंच नाही.

देवमाशाची चरबी हा आजार नव्हे. थंडगार पाण्यात तीच त्याला ऊब देते आणि उपासमारीत तगवते. शिवाय आयुष्यभर पोहणारा बोहेड देवमासा 200 वर्षांहून अधिक जगू शकतो, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलं नाही.

ससा आणि कासव यांची तुलनाच चुकीची आहे. कासव थंड रक्ताचं, त्याच्या शरीराचा सगळा कारभारच संथ. तुलना करायची तर मोकळ्या सशाची पिंजऱ्यातल्या सशाशी करा, आणि माणसाची माणसाशी.

माणूस ‘काहीच न करता’ राहिला तर काय होतं, हेही पाहून झालंय. 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. 30 वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले. शरीराची दमसास टिकवण्याची क्षमता 30 वर्षांच्या वयाने जेवढी घटली होती, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांत घटली होती! आराम करा म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगावंसं वाटतं.

या मेसेजला हल्ली एक शेपूट जोडलेलं असतं: ‘हृदयाचे ठोके मोजून मिळालेत, व्यायामात उधळू नका.’ ठोक्यांचा असा ठरलेला साठा नसतो. तरी हिशोब करूच. मिनिटाला 75 ठोके म्हणजे दिवसाला 1,08,000. नियमित व्यायामाने एखाद्याचे विश्रांतीचे ठोके 65 वर आले, तर व्यायामाच्या तासाला 130 धरूनही दिवसाचे होतात 97,500. म्हणजे ठोके वाचलेच.

मनाबद्दल मेसेजमध्ये अक्षरही नाही, आणि मला तेच सर्वांत जास्त खटकतं. 1999 मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी नैराश्य असलेल्या पन्नाशीपुढच्या 156 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना औषध, काहींना व्यायाम, काहींना दोन्ही. 16 आठवड्यांनंतर तिन्ही गटांत जवळपास सारखाच उतार दिसला. याचा अर्थ चालू गोळ्या आपल्या मनाने बंद कराव्यात असा मुळीच नाही. पण खचलेल्या माणसाला ‘पडून राहा’ म्हणणं हे त्याच्या हातातलं एक साधन काढून घेणं आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. सलग 10 मिनिटं तरी झालीच पाहिजेत, ही जुनी अट 2020 मध्ये निघाली. त्यामुळे जेवणानंतरच्या पाच मिनिटांच्या फेऱ्याही धरल्या जातात. चालताना छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.