‘बोअर हवेवर होते, मग तेलविहिरीला मड कशाला?’ : एका फिरत्या मेसेजला उत्तर

मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आणि आयटीआयच्या पोरांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: आपली बोअरची गाडी एका रात्रीत आठशे फूट जाते, तेही नुसत्या हवेवर. तेल कंपन्या मात्र विहीर खोदताना ‘मड’ नावाचा महागडा चिखल वापरतात आणि तो जमिनीत घालवून बसतात. मड गायब झाला म्हणजे खाली गुहा किंवा तेलाचं तळं लागलं. मड जात असेल तर तो जड आणि घट्ट करावा, नाहीतर भुसा टाकावा, काम झालं. नुकसान काय ते पैशाचं. आणि शेवटी टोला: रिगवर मडवाले उगीच पोसले जातात.

मी याच कामात आयुष्य घालवलं आहे. लातूर, बीड, नांदेडची पोरं आज समुद्रातल्या आणि आखातातल्या रिगवर कामाला जातात, शेकरजवळ (वर आलेल्या मडमधला चुरा चाळणारी थरथरती चाळणी) आणि मडच्या टाक्यांवर उभी राहतात. हा मेसेज खरा धरून ती तिथं गेली तर धोका त्यांच्याच जिवाला आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘आपल्याकडं हवेवर भागतं’

भागतं, हे खरं. पण ते आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणामुळं. १९९३च्या भूकंपानंतर किल्लारीला अभ्यासासाठी खोल विहीर घेतली, तिच्यात बेसाल्ट ३३८ मीटरपर्यंत होता. त्याखाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग जुना पायाचा खडक. आठशे फूट म्हणजे साधारण २४४ मीटर. तेवढी बोअर त्या भागात बेसाल्टमध्येच सुरू होते आणि बेसाल्टमध्येच संपते. वरच्या मुरुमाला केसिंग घातलं की खालचा खडक स्वतःच्या जोरावर उभा राहतो. पाण्याचा दाबही बेताचा: बोअर तोंडापर्यंत पाण्यानं भरली तरी तळाशी चौरस सेंटीमीटरला २४ किलोच्या आसपास.

३००० मीटरवर नुसत्या पाण्याच्या उंचीचाच दाब ३०० किलो भरतो. खडकात कोंडलेल्या तेलाचा, गॅसचा किंवा खाऱ्या पाण्याचा दाब त्याहूनही जास्त असू शकतो. विहिरीत नुसती हवा असेल तर त्याला अडवणार कोण? वाटेत शेल, म्हणजे चिकणमातीचा पापुद्र्यांचा खडक लागतो, तो ढासळतो. हवेतला ऑक्सिजन आणि खालचा गॅस एकत्र आले तर विहिरीच्या आतच पेट घेऊ शकतो. पाइपमधून खाली जाऊन बाहेरून वर येणारा मड बिट (टोकाचं खडक फोडणारं अवजार) थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो, भिंतीवर पातळ लेप धरतो. पण त्याचं पहिलं काम खडकातल्या दाबाला दाबानं उत्तर देणं हे आहे. कमी दाबाच्या, भेगाळ खडकात तेलवालेही हवा, फेस किंवा हवा मिसळलेला मड वापरतात, मात्र खालच्या दाबाचा अंदाज हातात असल्यावरच.

‘मड गायब, म्हणजे खाली गुहा किंवा तेल’

हॅमर चालू असताना चुरा वर यायचा थांबतो आणि शेजारच्या शेतातल्या बोअरमधून हवा फसफसायला लागते, हे आपल्याकडच्या बोअरवाल्यांनी पाहिलेलं असतं. कंप्रेसरची हवा मांजऱ्यातल्या (भोकाभोकाच्या मऊ बेसाल्टमधल्या) किंवा पाषाणातल्या भेगेनं तिकडं गेलेली असते. तिथं गुहा नसते.

तेलविहिरीतही मड जायला अशाच वाटा असतात: मोकळी जाड वाळू किंवा गोटे, खडकात मुळातच असलेल्या भेगा, चुनखडीतली पोकळ भोकं. तेल १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीत आहे. गुजरातेत पाद्रा या गावी तर डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे आपल्याच जातीच्या बेसाल्टच्या भेगांतून तेल निघालं आहे. मोठी पोकळी कधीकधी खरंच लागते, बिट एकदम खाली पडल्यासारखा जातो. पण मड पाण्याच्या थरातही जातो, कोरड्या खडकातही जातो. मड गेला यावरून खाली तेल आहे असं कोणीही जाणकार म्हणणार नाही.

चौथी वाट मेसेजमध्ये नाहीच, आणि टाळता येण्याजोगी तीच आहे. ती भेग आपणच पाडलेली असते.

‘मड जड आणि घट्ट करा’

सगळ्यात घातक सल्ला हाच. हिशेब करून बघा. मडची घनता गुणिले मीटरमधली खोली, भागिले दहा, म्हणजे तळाचा दाब. समजा विहीर ३००० मीटर आहे आणि मड १.२० घनतेचा आहे. दाब ३६० किलो. खडकातल्या द्रवाचा दाब ३३६ किलो धरू, आणि ३९० किलोला खडक फाटतो असं धरू. या दोन आकड्यांच्या मध्येच राहायचं आहे. पंप चालू केला की घर्षणाचा दाब भर घालतो, समजा १२ किलो. झाले ३७२. अजून ठीक.

आता थोडा मड जाताना दिसला म्हणून कोणी तो १.३० केला. पंप बंद असतानाच ३९०, पंप चालू केल्यावर ४०२. खडक फाटला. आधी तासाला काही बॅरल जात होते, आता वर काहीच येत नाही. मड घट्ट केला तरी घर्षण वाढतं आणि गाडी त्याच दिशेला जाते. जुन्या, उपसून दाब कमी झालेल्या साठ्यात तर खडक फाटण्याचा आकडाही खाली आलेला असतो, तिथं ही जागा आणखी अरुंद.

मग करायचं काय? बहुतेक उपाय नेमके उलट्या दिशेचे आहेत. खडकातला दाब परवानगी देत असेल तेवढी घनता कमी करा. पंपाचा वेग उतरवा. चुरा विहिरीत साचू देऊ नका, कारण साचलेला चुराही मडला जड करतो. पाइप खाली सोडताना घाई करू नका. पाइप पिस्टनसारखा मडला ढकलतो आणि तळाचा दाब क्षणात वाढतो. मड बराच वेळ स्थिर राहिला की जेलीसारखा बसतो, तेव्हा आधी पाइप फिरवून तो मोडा आणि मगच पंप हळूहळू वाढवा. केसिंग बसवल्यावर त्याच्या टोकाखालचा खडक किती दाब झेलतो याची चाचणी घेतात, ती यासाठीच. मड जाण्याचे कितीतरी प्रकार या शिस्तीनं होतच नाहीत. ज्या दिवशी काहीच घडलं नाही त्या दिवशी मडवाल्यानं काय केलं, हे कोणाला दिसत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी एक फसवा प्रकार आहे. पंप चालू असताना मड खडकाच्या बारीक भेगांत शिरतो आणि पंप बंद केला की परत येतो. टाकीतली पातळी वाढलेली पाहून नवखा माणूस म्हणतो, खालून गॅस येतोय, मड जड करा. जड केला की भेगा आणखी उघडतात. परत येणारा मड हळूहळू कमी होत थांबतो की वाढत जातो, हे प्रत्येक वेळी नोंदवून आधीच्या नोंदीशी ताडावं लागतं.

‘भुसा टाका, बुजतं’

यात थोडं तथ्य आहे. लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, अभ्रक, इतकंच काय आपल्या भागात ढिगानं निघणारी सरकीची टरफलंसुद्धा मड थांबवायला वापरली गेली आहेत. प्रश्न आकाराचा आहे. भेगेपेक्षा फार बारीक कण आत निघून जातात. फार जाड कण तोंडावरच बसतात आणि फिरणारा पाइप त्यांना खरवडून काढतो. म्हणून जाड, मध्यम, बारीक असं मिश्रण लागतं. जाड माल बिटच्या नोझलमध्ये अडकला तर दुसरंच संकट. आणि साठ्याच्या खडकात भुसा किंवा अभ्रक भरलं तर ते पुढं काढायचं कसं? तिथं कॅल्शियम कार्बोनेटची पूड वापरतात, कारण ती नंतर ॲसिडनं विरघळवता येते. खऱ्या पोकळीपुढं यातलं काहीच चालत नाही. तिथं सिमेंटचा प्लग टाकावा लागतो, नाहीतर रिटर्नशिवाय, म्हणजे मड वर परत येत नसतानाच, पुढं खोदून केसिंगनं तो भाग बंद करावा लागतो.

‘नुकसान काय ते पैशाचं’

एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. तासाला शंभर बॅरल गेले तर सोळा हजार लिटर. पैसा जातोच. पण वरच्या हिशेबातल्याच विहिरीत मडची पातळी २०० मीटर उतरली की तळाचा २४ किलो दाब गेला. ३६०चे झाले ३३६. आता पातळी आणखी जराशी उतरली की खडकातला द्रव आत यायला मोकळा. एका थरात मड जातोय आणि दुसऱ्या थरातून गॅस शिरतोय, अशी विहीर सांभाळणं फार कठीण असतं. चुरा वर येत नसल्यानं पाइप अडकतो, तो वेगळाच.

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी मकांडो विहिरीवर स्फोट झाला, ११ माणसं गेली. स्फोटाचं थेट कारण मड जाणं नव्हतं. सिमेंटनं साथ दिली नाही आणि दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला. पण त्याआधी त्या विहिरीत मड जात होता. त्यामुळं ठरलेल्या खोलीच्या आधीच, १८,३६० फुटांवर खोदाई थांबवली होती. खडक पुन्हा फाटू नये म्हणून नायट्रोजन मिसळलेलं हलकं सिमेंट निवडलं होतं. मड थांबवण्यासाठी बनवलेला आणि शिल्लक राहिलेला माल त्या चाचणीच्या वेळी विहिरीत वापरला गेला आणि गोंधळात भर पडली.

‘मडवाले उगीच पोसले जातात’

रिटर्न बंद झाले की पहिली गोष्ट, पाइपबाहेरची मोकळी जागा वरून पाण्यानं किंवा हलक्या मडनं भरायची आणि किती लिटर लागलं ते मोजायचं. साडेआठ इंची विहीर आणि पाच इंची पाइप असेल तर मीटरला साधारण २४ लिटर बसतं. १२,००० लिटरला जागा भरली तर वर ५०० मीटर पाणी आहे. तळाचा दाब ३६० वरून ३५०वर आला, खडकाच्या ३३६ पेक्षा अजून १४ किलो वर. तेवढ्यात पुढचा उपाय शांतपणे ठरवता येतो. ३१,२०० लिटर लागलं तर १३०० मीटर पाणी, दाब ३३४. खडकापेक्षा कमी. अशा वेळी मोजणारा माणूस ड्रिलरला बीओपी (विहिरीचं तोंड दाबून बंद करणारी झडप) लावायला सांगतो, आणि पाणी मोजलेलंच नसेल तर ही वेळ आली आहे हे गॅस वर येईपर्यंत कोणालाच कळत नाही.