‘इग्निशनच्या नावाखाली वायरिंगचं बिल लावलं’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपला अभिप्राय काल रात्री शटर ओढताना वाचला, आज सकाळी परत दोनदा वाचला. १९८४ ची बुलेट इलेक्ट्रॉनिक इग्निशन (ठिणगी पाडायला जुन्या ‘पॉइंट’ या उघडमीट करणाऱ्या स्विचच्या जागी येणारं सर्किट) बसवायला आमच्याकडं दिली, आठ दिवसांचं काम एकोणीस दिवस चाललं, साडेसात हजार सांगून चौदा हजार तीनशे घेतले, आणि गाडी नेल्यावर तिसऱ्याच दिवशी आंबा घाटात बंद पडली, असं आपण लिहिलंय. वर ‘इग्निशनच्या नावाखाली वायरिंगचं बिल लावून फसवलं’ असंही लिहून एक तारा दिलाय.

एकोणीस दिवसांबद्दल मनापासून माफी मागतो. गणपतीचे दिवस, लेथवरचा कारागीर गावी गेलेला, ही कारणं खरी आहेत. पण मधे एक फोन करायला काय झालं होतं, याला माझ्याकडं उत्तर नाही. आपण चौकशीला आलात तेव्हा काउंटरवरचा पोरगा तुटक बोलला, त्याबद्दलही माफी. आणि वहिनींना पावसात दीड तास घाटात उभं राहावं लागलं, हे वाचून फार वाईट वाटलं.

पण ‘फसवलं’ हा शब्द मला गिळता येत नाही. एकतीस वर्षं उद्यमनगरात जुन्या गाड्यांचं काम करतोय. म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्यासाठी लिहितो आणि हा अभिप्राय वाचणाऱ्यांसाठीही.

आपण फोनवर विचारलंत तेव्हा मी पहिला प्रश्न केला होता : गाडी सहा व्होल्टची की बारा? आपण म्हणालात, बारा. ज्यांच्याकडून गाडी घेतली त्यांनी तसं सांगितलं होतं. साडेसात हजार हा आकडा त्या ‘बारा’वर होता. किट ५,९००, बाकी फिटिंग आणि टायमिंगची (ठिणगी नेमक्या वेळी पडेल असं लावण्याची) मजुरी. गाडी आली, बॅटरीचा डबा उघडला, तर आत सहा व्होल्टची बॅटरी. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल सहाची, हॉर्न सहाचा, बल्ब सहाचे. आपण निवडलेलं किट फक्त बारा व्होल्टवर चालणारं. ते सहावर जोडलं असतं तर ठिणगीच पडली नसती. आणि नुसती बॅटरी बदलून जुनी कॉइल तशीच ठेवली असती तर किटचा इलेक्ट्रॉनिक बॉक्स जळाला असता, कारण सहा व्होल्टच्या कॉइलचा रेझिस्टन्स दीड ओहमच्या आसपास असतो आणि बारावर तिच्यातून दामदुप्पट करंट ओढला जातो. म्हणजे इग्निशन बदलायचं तर गाडी आधी बारावर आणणं आलंच. गाडी आमच्याकडं आल्यावर तिसऱ्या दिवशी आपण मेहुण्यांना घेऊन आलात तेव्हा मी ती जुनी बॅटरी हातात धरून दोघांसमोर हे सांगितलं. आपण म्हणालात, ‘करा, एकदाच होऊन जाऊ दे.’

बिल आपल्याकडं आहेच, तरी इथं मांडतो. किट ५,९००. बारा व्होल्टची कॉइल, प्लगवरची रेझिस्टर कॅप आणि प्लग १,४५०. चार्जिंग सांभाळणारा रेक्टिफायर-रेग्युलेटर १,२००. बॅटरी १,६५०. हॉर्न, बल्ब, फ्लॅशर मिळून १,०५०. डिस्ट्रिब्युटरच्या (पॉइंट ज्यात बसतात त्या भागाच्या) शाफ्टला नवीन बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) ६००. वायरिंग आणि सगळी मजुरी २,४५०. बेरीज १४,३००. रेझिस्टर कॅप कशाला, असं आपण तेव्हाही विचारलं होतं. साध्या कॅपमधून जो विद्युत गोंगाट सुटतो तो पॉइंटला काही करत नाही, इलेक्ट्रॉनिक बॉक्सला मात्र गोंधळात पाडतो.

त्या सहाशेच्या बुशबद्दलही सांगतो, कारण अकरा दिवस त्यातच गेले. पॉइंटची प्लेट काढली तर खालचा शाफ्ट बोटानं ढकलला तरी हलत होता. शाफ्ट हलत असला की पॉइंटमधलं अंतर दर फेरीला बदलतं, पंधरा थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावा नाहीतर आणखी कितीलाही. गाडी आयडलिंगला मिसिंग मारायची (ठिणगी चुकून अडखळायची) आणि दर पंधरा दिवसांनी गॅप बघायला लागायचा, ही आपली मूळ तक्रार. तिचं कारण पॉइंट नव्हते, हा शाफ्ट होता. तसंच किट चढवलं असतं तर पॉइंटच्या जागी सेन्सर हलत्या शाफ्टकडं बघत बसला असता. गाडी आठ दिवसांत देता आली असती. नाही दिली.

आता ‘पॉइंटवर चांगली चालत होती, यांनी किट गळ्यात मारलं’ या आपल्या वाक्याबद्दल. साहेब, मी आपल्याला पहिल्याच दिवशी म्हणालो होतो की महिन्यातून दोन-तीनदाच गाडी काढत असाल तर चांगला कंडेन्सर (पॉइंट जळू न देणारा), नवे पॉइंट आणि घट्ट शाफ्ट एवढ्यावर भागेल. माझे वस्ताद सिगारेटचा कागद पॉइंटच्या मधे धरून टायमिंग लावायचे. पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिलिमीटर अलीकडं आणायचा, डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा, आणि कागद हलकेच सुटला की पॉइंट उघडले. तेव्हाच अँपिअर मीटरचा (बॅटरीत येणारा-जाणारा करंट दाखवणारा) काटा शून्यावर येतो. मी आजही तसंच लावतो. पॉइंटचा मला कंटाळा नाही. ‘परत परत गॅप बघायची कटकट नको’ हे शब्द आपले होते आणि किटही आपणच निवडून मागवायला सांगितलेलं होतं. त्यावर माझं कमिशन काय असणार?

उलट किटचं खोकं उघडल्यावर मला बरं वाटलं होतं, हेही सांगतो. काही किटमध्ये ॲडव्हान्सची (इंजिनचा वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी) वजनं आणि स्प्रिंग काढूनच टाकतात, टायमिंग पुढंमागं करायचं काम बॉक्स करतो. घाटावर गाडी छान ओढते, पण वाटेत बॉक्स गेला तर पुन्हा पॉइंटवर यायला सगळं सामान परत बसवावं लागतं. आपल्या किटमध्ये फक्त पॉइंटच्या जागी सेन्सर येतो, खालची वजनं तशीच राहतात. म्हणून मी आपली जुनी पॉइंटची प्लेट साफ करून, नवा कंडेन्सर लावून, निळ्या फडक्यात गुंडाळून टूलबॉक्समध्ये ठेवली आणि गाडी देताना दाखवली. आपण लिहिलंय, ‘साखरप्याच्या मिस्त्रीनं अर्ध्या तासात पॉइंट बसवून गाडी चालू केली, जे यांना एकोणीस दिवसांत जमलं नाही.’ ते पॉइंट त्या फडक्यातलेच होते ना? ते अर्ध्या तासात बसले कारण ते तिथं होते, वजनं जागेवर होती आणि शाफ्टला नवीन बुश होता. त्या मिस्त्रींचं काम चोखच असणार. पण हे वाक्य मला फार लागलं.

गाडी बंद का पडली, तेही आपल्याच अभिप्रायात आहे. शेवटून दुसऱ्या ओळीत आपण लिहिलंय, ‘नवीन लावलेले फॉग लाइटही काढावे लागले.’ आमच्याकडून गाडी गेली तेव्हा तिला फॉग लाइट नव्हते. फोनवर आपण सांगितलंत की चाळीस वॅटचे दोन, थेट बॅटरीवर जोडलेले. ऐंशी वॅट म्हणजे बारा व्होल्टवर जवळजवळ सात अँपिअर. घाट उतरताना पुढं ट्रकची रांग, इंजिन आयडलिंगला, आल्टरनेटर जेमतेम काही वीज बनवतोय, हेडलाइट चालू, ब्रेक लाइट चालू आणि वर हे दोन. बॅटरी किती वेळ टिकणार? आणि लाइट थेट बॅटरीच्या टोकांवर असल्यामुळं त्यांचा करंट अँपिअर मीटरमधून गेलाच नाही. काट्यावर हा जास्तीचा खर्च दिसलाच नसणार. आपण काट्याकडं बघून निर्धास्त राहिलात, यात आपली चूक आहे असं मी म्हणत नाही. पॉइंट पडत्या बॅटरीवरही कशीबशी ठिणगी देतात, गाडी धडपडत का होईना गावापर्यंत नेतात. या किटच्या कागदावर खालची मर्यादा दहा व्होल्ट छापली आहे. त्याखाली ठिणगी एकदम थांबते, धड सूचनासुद्धा मिळत नाही. जास्तीचे लाइट जोडू नका, हे मी आपल्याला बोललो होतो. पण बिलावर लिहून दिलं नव्हतं. तिथं मी कमी पडलो.

आता यापुढं वाढीव काम लागलं तर लिहून देऊ, त्यावर गिऱ्हाइकाची सही घेऊ, आणि उशीर होणार असेल तर फोन करू. पोराशीही बोललोय.

हा अभिप्राय आल्यापासून दोघांनी फोन करून गाड्या आणायचं रद्द केलं. गॅरेजवर माझ्यासकट चार घरं चालतात. तारे वाढवा असं मी म्हणत नाही, ते आपल्या मनावर आहे. फक्त ‘फसवलं’ हा शब्द वरचं बिल एकदा समोर ठेवून परत वाचून बघा, एवढी विनंती.

गाडी घेऊन या. सोमवारी आम्ही बंद असतो, बाकी कुठल्याही दिवशी दहानंतर. सेन्सर परत बसवायचा असेल किंवा पॉइंटच ठेवायचे असतील तर टायमिंग तपासायचे पैसे घेणार नाही. फॉग लाइट हवेच असतील तर कमी वॅटचे घेऊ, रिले टाकून अँपिअर मीटरमधून जोडून देऊ. येताना बॅटरी मुद्दाम चार्ज करून आणू नका. आहे तशी आणा, व्होल्ट आपल्यासमोरच मोजू.