कावळ्यात पैसे गुंतवा

शेअर बाजारात पैसा करायचा असेल तर आधी ‘का?’ विचारायची खोड मोडा. कावळा बसला नि फांदी तुटली, की शहाणा गुंतवणूकदार फांदीला लागलेली वाळवी बघत बसत नाही. तो कावळ्यात पैसे गुंतवतो.

कृती सोपी आहे. सेन्सेक्सचे दहा वर्षांचे आकडे एक्सेलच्या एका रकान्यात भरा. शेजारी सापडेल ते भरत जा: कांद्याचा भाव, लोणावळ्याचा पाऊस, भाच्याचे मार्क. काहीतरी जुळेपर्यंत थांबायचं नाही. न जुळलेले रकाने गुपचूप पुसा आणि जुळलेल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. डेव्हिड लाइनवेबर या अमेरिकन अभ्यासकाने हेच केलं. एस अँड पी ५०० या अमेरिकन शेअर बाजाराच्या निर्देशांकाच्या दहा वर्षांच्या चढउतारांशी बांगलादेशातल्या लोण्याचं उत्पादन ७५ टक्के जुळलं. अमेरिकेतलं चीज आणि दोन्ही देशांतल्या मेंढ्याही हिशेबात घेतल्यावर आकडा ९९ वर गेला. बिचाऱ्याने ही थट्टा केली होती, पण लोक त्याच्याकडे लोण्याचे ताजे आकडे मागू लागले. अशा होतकरू मंडळींचा आदर्श ठेवा.

आपल्याला तर लोण्याचीही गरज नाही, मान्सून आहे. पाऊस चांगला, की शेतकऱ्याच्या हाती पैसा, ट्रॅक्टर खपणार, साबण खपणार, बाजार वर! इथे कारणही आयतं मिळतं. (थोडंफार खरंही आहे, म्हणून तर जास्त फसायला होतं.) आता कुणी खवचट सांगेल की २००८ मध्ये पाऊस सरासरीच्या ९८ टक्के पडला आणि सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून खाली आला, २००९ मध्ये पाऊस जेमतेम ७८ टक्के, देशात दुष्काळ, आणि सेन्सेक्स ८० टक्क्यांनी चढला. परदेशी पैसा आधी पळाला, मग परतला. निवडणुकीच्या निकालानंतर १८ मे २००९ ला तर बाजार उघडताच वरच्या सर्किटला (म्हणजे चढण्याच्या ठरलेल्या मर्यादेला) लागला आणि व्यवहार थांबवावे लागले. तेव्हा मान्सून केरळातही पोचला नव्हता.

असली वर्षं ‘अपवाद’ म्हणून तक्त्यातून उडवा. तोटा झालाच तर खापर फोडायला २००८ मध्ये बुडालेली अमेरिकन बँक लेहमन ब्रदर्स आहे. नफा झाला तर तो तुमच्या अभ्यासाचा. आणि एवढं करूनही कुणी चहाच्या टपरीवर ‘उडवलेली वर्षं किती?’ असं विचारलंच, तर चहाचे पैसे त्यालाच द्यायला लावा.