पाण्यावर चालणारी गाडी: त्या मेसेजमधल्या एकेका दाव्याला उत्तर

पाण्यावर चालणाऱ्या गाडीचा मेसेज अजून फिरतोच आहे. मजकूर साधारण असा: अमेरिकेतल्या स्टॅनली मेयरने पाण्यावर चालणारी गाडी बनवली, तिला पेटंट मिळालं, २२ गॅलन पाण्यात तो लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणार होता, म्हणून तेल कंपन्यांनी त्याला विष घालून मारलं. पुढे भारताची जोड: आपले मंत्रीही अशाच गाडीतून संसदेत गेले. आणि शेवटी एका किटची जाहिरात. या मेसेजपायी साध्या माणसांचे पैसे जातात, आणि हायड्रोजनवर जे खरं काम चाललंय त्याबद्दलही भलतेच समज पसरतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"पाण्यात हायड्रोजन आहे, हायड्रोजन जळतो, म्हणजे पाणी हे इंधनच."

हायड्रोजन जळतो हे खरं. पण जळून झाल्यावर जे उरतं तेच पाणी. चुलीतली राख पुन्हा पेटत नाही, तसं पाणीही पेटत नाही; त्याच्यातली ऊर्जा आधीच निघून गेलेली असते. पाण्यापासून हायड्रोजन वेगळा करायचा तर तेवढी ऊर्जा बाहेरून परत घालावी लागते. एक किलो हायड्रोजन काढायला, काहीही वाया न घालवणाऱ्या आदर्श यंत्रालाही सुमारे ३९ युनिट वीज लागेल. प्रत्यक्षातली यंत्रं ५० ते ५५ युनिट खातात. तो हायड्रोजन इंधन घटात, म्हणजे हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये, वापरला, तर हाती १६ ते २० युनिट येतात. गाडी स्वतःच पाणी फोडून स्वतःच पळणार असेल, तर मधला खड्डा भरणार कोण? पॅरिसच्या विज्ञान अकादमीने शाश्वत गतीच्या, म्हणजे बाहेरून ऊर्जा न घेता कायम चालणाऱ्या, यंत्रांचे प्रस्ताव तपासणं १७७५ सालीच बंद केलं होतं. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम, म्हणजे ऊर्जा शून्यातून निर्माण होत नाही हा, नीट मांडला गेला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, आणि आजवर त्याला एकही अपवाद सापडलेला नाही.

"२२ गॅलन पाण्यात लॉस एंजेलिस ते न्यूयॉर्क."

हा दावा तर साध्या गुणाकारात कोसळतो. २२ अमेरिकी गॅलन म्हणजे ८३ लिटर पाणी. पाण्याच्या वजनात हायड्रोजन नवव्या हिश्शाइतका, म्हणजे सव्वानऊ किलोच्या आसपास. आजची चांगली हायड्रोजन गाडी एका किलोत शंभर किलोमीटरच्या थोडं पुढे जाते. म्हणजे पाणी फोडायची वीज फुकट मिळाली असं धरलं, तरी सगळा हायड्रोजन वापरून जेमतेम हजार किलोमीटर होतील. रस्ता साडेचार हजारांचा आहे.

"पेटंट मिळालं, म्हणजे सिद्ध झालं."

पेटंट म्हणजे यंत्र चालतं असा दाखला नव्हे. पेटंट कचेरी गाडी चालवून बघत नाही. कल्पना नवी आहे का आणि ती नीट लिहिली आहे का, हे मुख्यतः पाहते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात तर निसर्गनियमांच्या उघड विरोधात जाणाऱ्या दाव्याला पेटंट नाही असं स्पष्ट लिहिलंय. मेयर यांच्या पेटंटांची मुदत केव्हाच संपली आहे. ती इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात आणि त्यावरून कुणीही यंत्र बनवू शकतो. शोध दडपला असं म्हणताना निदान एवढं तरी पाहायला हवं होतं.

"तेल कंपन्यांनी त्याला मारलं."

इथे मेसेज जे गाळतो ते महत्त्वाचं आहे. मेयर यांनी आपल्या तंत्रज्ञानाच्या डीलरशिप विकल्या होत्या. त्या घेणाऱ्या दोन गुंतवणूकदारांनी दावा लावला. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक मायकेल लॉटन गाडी तपासणार होते, पण मेयर यांनी ऐनवेळी सबब सांगून तपासणी होऊ दिली नाही. पाणी फोडणारा त्यांचा 'सेल' तज्ज्ञ साक्षीदारांनी पाहिला तेव्हा त्यात नेहमीच्या विद्युत विघटनापलीकडे, म्हणजे विजेने पाणी फोडण्यापलीकडे, काही निघालं नाही. १९९६ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने ही घोर फसवणूक ठरवली आणि गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करायला सांगितले. दोन वर्षांनी, मार्च १९९८ मध्ये, एका रेस्टॉरंटमध्ये मेयर कोसळले आणि गेले. मृत्यूची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांनी मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी फुटल्याचं कारण नोंदवलं.

तेल कंपन्यांची वकिली मला करायची नाही. एक्सॉन या अमेरिकी तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी तापमानवाढीचे अंदाज १९७०-८० च्या दशकांतच बऱ्यापैकी अचूक बांधले होते आणि कंपनी जगाला मात्र शंका विकत राहिली. हे कागदपत्रांनी सिद्ध झालंय. म्हणूनच संशय घ्यायचा तर असा पुरावा धरून घ्यावा.

आणि संशोधनाची नीती तपासू देण्यातच असते. १९७२ मध्ये जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडता येतं हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापलं, पद्धतीसकट. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळा तो प्रयोग करून पाहताहेत, सुधारताहेत. ऊर्जा प्रकाशातून येते हे त्यांनी लपवलं नाही. याउलट १९९६ मध्ये तामिळनाडूच्या रामर पिल्लैने पाला उकळून पेट्रोल बनवल्याचा दावा केला. देशभर कौतुक झालं, लोकांनी पैसे गुंतवले, आणि २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने त्याला फसवणुकीसाठी तीन वर्षांची शिक्षा सुनावली.

"गडकरी पाण्यावरच्या गाडीतून संसदेत गेले."

३० मार्च २०२२ ला नितीन गडकरी टोयोटा मिराईतून संसदेत गेले. मिराईच्या टाकीत पाणी नसतं. दाबाखाली भरलेला हायड्रोजन असतो. पाणी तिच्यातून बाहेर पडतं. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकं हेच उलटं केलंय. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने १९,७४४ कोटींचं हरित हायड्रोजन, म्हणजे अक्षय ऊर्जेच्या विजेने काढलेल्या हायड्रोजनचं, अभियान मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजनचं लक्ष्य आहे, आणि त्यासाठी अक्षय ऊर्जेची सुमारे १२५ गिगावॉट नवी क्षमता उभारायची आहे. पाणी हेच इंधन असतं तर एवढी सौर आणि पवन वीज कशाला लागली असती?

"किट बसवा, मायलेज वाढवा."

या किटमध्ये स्टीलच्या पट्ट्यांचा एक डबा असतो. त्यात कॉस्टिक पोटॅश घातलेलं पाणी भरून त्याला गाडीची वीज देतात. समजा १४ व्होल्टवर २० अँपिअर घेतले, तर २८० वॉट झाले. सहा सेल एकापुढे एक जोडले तर तासाला साडेचार ग्रॅम हायड्रोजन निघतो. त्यातली ऊर्जा ०.१५ युनिट. ताशी ६० किलोमीटरने जाणारी, १५ चं मायलेज देणारी गाडी त्याच तासात चार लिटर पेट्रोल जाळते, म्हणजे सुमारे ३६ युनिट. भर पडली ती अर्धा टक्कासुद्धा नाही. आणि ते २८० वॉट अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, पर्यायाने इंजिनाकडूनच आले. त्यापोटी दोन युनिटच्या आसपास पेट्रोल जास्त जळलं.

शिवाय त्या डब्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच जमतात, स्फोटाला लागतात अगदी त्याच प्रमाणात. सीएनजी किट बसवताना ते मान्यताप्राप्त लागतं, आरसीवर नोंद करावी लागते. पाण्याचं किट विकणाऱ्याकडे तीच कागदपत्रं मागा, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचा मायलेजचा अहवालही. तो हातात पडेपर्यंत पैसे देऊ नका.