हे जरा धरा

आमची गाडी १९९९ सालची आहे, तिची पाटी एमएच-०४ ची, म्हणजे ठाण्याची आहे आणि कार्बोरेटर, चोक यांसारख्या ज्या अवयवांची नावेही माझ्या मुलाच्या पिढीने ऐकलेली नाहीत, ते सगळे तिच्यात मूळ जागी आणि मूळ स्वभावानिशी शाबूत आहेत. कंपनीचे नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काडीचाही दोष नव्हता. पंचविशी उलटलेल्या गाडीचे काही बिघडले, तर दोष फक्त कॅलेंडरला द्यावा. खासगी गाडीची पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी करावी लागते आणि एप्रिल २०२२ मध्ये तिचे शुल्क ६०० रुपयांवरून ५००० रुपयांवर गेले होते. त्यामुळे २०२४ साली आमच्याकडे गाडी काढून टाकावी की ठेवावी यावर तीन रात्री चर्चा झाली, चौथ्या दिवशी मी परस्पर जाऊन पैसे भरून आलो आणि बायकोने निकाल दिला : "भरलेत ना? आता पाच वर्षं हिची दुखणी तुम्हीच काढायची." त्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात गाडीला ताप येऊ लागला.

सुरुवात गायमुखच्या घाटात झाली. मे महिना होता, भाचीचा साखरपुडा वसईला होता आणि मागच्या सीटवर आई, बायको व मावशी अशा तिघी आहेराच्या ताटांसह बसल्या होत्या. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत मेट्रोच्या खांबांच्या कडेने पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरपटत आलो, तोवर तापमानाचा काटा मध्यावर गुमान उभा होता. घाटाचा चढ सुरू झाला, पुढे एक ट्रेलर, मागे एक ट्रेलर, आणि काटा जो निघाला तो थेट लाल रेषेच्या दिशेने.

अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा, हा उपाय मला माहीत होता आणि तो पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत दडवलेला एक छोटा रेडिएटरच असतो. इंजिनाचे गरम पाणी त्यातून फिरते, पंखा त्यावरून हवा सोडतो आणि इंजिनाला नको असलेली उष्णता प्रवाशांत समप्रमाणात वाटली जाते. शास्त्राला इतकेच कळते. प्रवाशांनी पैठण्या नेसल्या आहेत, हे त्याला कळत नाही. मी हीटर सोडला तेव्हा मावशीला वाटले की एसी बिघडला, बायकोला वाटले की मी बिघडलो. दोन मिनिटांत गजरे मावळले, पेढ्यांचा चांदीचा वर्ख खोक्याच्या झाकणाला जाऊन चिकटला आणि काचा खाली केल्यावर आत आलेली घाटातली उन्हाची झळ चक्क झुळूक वाटली. एकटी आई तेवढी समाधानी होती. तिने पाय पुढे करून गुडघे हवेच्या झोतात धरले आणि म्हणाली, "असू दे रे, शेकल्यासारखं बरं वाटतंय."

काटा थोडा मागे आला, पण घाटमाथ्याआधीच बॉनेटखालून वाफ निघू लागली आणि मी गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडल्याबरोबर माणसे जमली. रस्त्याच्या कडेला माणूस पडला तर लोक वळसा घालून जातात; उघड्या बॉनेटजवळ मात्र टेम्पोवाल्यापासून मोटारसायकलवरून वरातीला निघालेल्या तरुणापर्यंत प्रत्येक जण थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि निदान सांगतो. "हेड गॅसकेट गेलं," असे टेम्पोवाल्याने ज्या सुरात सांगितले, त्या सुरात डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावतात. गॅसकेट म्हणजे इंजिनाच्या जोडातले पातळ अस्तर; ते फाटले तर पाणी इंजिन ऑइलमध्ये मिसळून ते दुधाळ चहासारखे दिसते. मी थरथरत्या हाताने ऑइलची पट्टी ओढून पाहिली, तर ऑइल काळेच होते. काळे ऑइल पाहून इतका आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

एका रिक्षावाल्याने मात्र कोणतेही निदान न करता पाऊण तास इंजिन निवू दिले. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडले तर उकळते पाणी तोंडावर उडते, त्यामुळे घाई करू नये, असे तो जमलेल्या सर्वांना बजावत होता. मग फडके टाकून त्याने झाकण सैल केले, उघडले आणि माझ्याकडे दिले. "काका, हे जरा धरा." मी धरले. त्याने तीन बाटल्या पाणी ओतले, झाकण परत घेऊन लावले, आणि आम्ही पेढ्यांसह वसईला पोहोचलो तेव्हा साखरपुडा उरकून पंगत बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बॉनेट उघडून पाणी पाहण्याचा मी नेम केला. रेडिएटरच्या शेजारी प्लास्टिकची एक बाटली असते, तीवर कमाल आणि किमान अशा दोन रेषा असतात. माझी बाटली रोज कमाल रेषेच्याही वर भरलेली असे. ते पाहून मी तृप्त होऊन बॉनेट लावत असे, आणि नितीन कंपनीच्या सिग्नलला पोहोचेपर्यंत काटा पुन्हा वर. भरलेल्या बाटलीने माझी जी फसवणूक केली तिच्याकडे मी नंतर येतोच.

आठवड्याने झाकण उघडून पाहिले तर रेडिएटर अर्धा रिकामा! पाणी जाते म्हणजे कुठेतरी गळती असणार, असे तर्कशास्त्र लढवून सोसायटीतल्या एका ज्येष्ठ सभासदांनी रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायला सांगितले. हळद फुगून भोक बुजवते, म्हणे. त्यांच्या काळात ट्रकवाले सर्रास हेच करीत. मी बायकोचा डोळा चुकवून हळदीचा डबा खाली नेला. गळती नव्हतीच, त्यामुळे हळदीला बुजवायला भोक सापडले नाही. तिने मग रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजवल्या. गाडी आता सिग्नलपर्यंतसुद्धा जाईना, आणि वाफेला लग्नघरातल्यासारखा वास येऊ लागला.

वागळे इस्टेटमागच्या एका गल्लीत रेडिएटरचेच काम करणारे एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांनी झाकण उघडले, "हे जरा धरा," म्हणून माझ्या हाती दिले, आत बोट बुडवले आणि पिवळे झालेले बोट मला दाखवत विचारले, "कढी केलीय का?" मी खरे सांगितले. ते हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी रेडिएटर उतरवला, पट्टीने एकेक नळी साफ केली, मग तोंडाला आपल्याकडचा रबरी बूच ठोकून रेडिएटर हौदात बुडवला आणि हवा भरली. एकही बुडबुडा आला नाही. "रेडिएटर टकाटक," असे सांगून त्यांनी माझ्याकडून झाकण मागून घेतले आणि लावले. वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, कारण मी ठेवले नाही.

चार दिवसांनी गाडी कॅडबरी जंक्शनला पुन्हा उकळली. आता गॅरेज. तिथल्या मिस्त्रींची पद्धत अशी की गाडीपेक्षा मालकाचा चेहरा पाहून ते बिघाड ठरवतात. "वॉटर पंप कधी बदललेला?" मला आठवेना. "मग गेलाच असणार." पंप बदलला. मग त्यांनी थर्मोस्टॅट काढून माझ्यासमोर धरला. ही एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती मिटलेली राहते आणि पाणी साधारण ८२ अंशांना आले की उघडून ते रेडिएटरकडे सोडते, जेणेकरून इंजिन सकाळी लवकर गरम व्हावे. "ही थंड देशांतल्या लोकांसाठी असते, साहेब. ठाण्यात कुठे बर्फ पडतो? काढून टाकू." युक्तिवाद बिनतोड वाटला. हा सगळा वेळ रेडिएटरचे झाकण अर्थातच माझ्या हातात होते, आणि युक्तिवाद ऐकताना मी ते तल्लीनपणे बोटांत फिरवत होतो. थर्मोस्टॅट गेल्यापासून एक मात्र झाले : सकाळी इंजिन गरमच होईना, दूध आणायला तळावपाळीपर्यंत चोक, म्हणजे गार इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणारी खुंटी, ओढूनच जावे लागे आणि पेट्रोल इतके जाऊ लागले की पायी जाऊन दूध आणणे आम्हाला स्वस्त पडले असते. दुपारी, सिग्नलला, गाडी पूर्वीइतक्याच निष्ठेने तापत होती.

मग आला इलेक्ट्रिशियन. त्याने झाकणाला हातही लावला नाही, म्हणून त्याच्याबद्दल माझे मत सुरुवातीला चांगले झाले. रेडिएटरसमोरचा पंखा पाणी ठरावीक तापमानाला पोहोचले की आपोआप सुरू होतो. तो सुरू करणारा सेन्सर बेभरवशाचा असल्याचे सांगून त्याने पंखा 'डायरेक्ट' केला आणि स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला घरातल्या बेलसारखे दिसणारे एक पांढरे बटण बसवून दिले. आता पंखा केव्हा लावायचा आणि केव्हा बंद करायचा हे माझ्या मर्जीवर होते, आणि माझी मर्जी म्हणजे काय चीज आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. पहिल्याच रात्री मी गाडी बंद केली, कुलूप लावले, वर येऊन जेवून झोपलो, आणि पंखा पहाटेपर्यंत पार्किंगमधल्या डासांना वारा घालत राहिला. सकाळी बॅटरी ठार. वॉचमन, पेपरवाला, हळदवाले ज्येष्ठ सभासद आणि योगासनांच्या वर्गाला निघालेल्या दोन बायका अशा पाच जणांनी गाडी ढकलत गेटबाहेर काढली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर ती एक आचका देऊन सुरू झाली, आणि मागून टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या गाडीसाठी होत्या.

एव्हाना सात हजारांच्या वर खर्च झाला होता. मी पुन्हा गॅरेजला गेलो तेव्हा मिस्त्री जेवायला गेले होते आणि नुकताच कामाला लागलेला विशीतला एक मुलगा होता. त्याने इंजिन निवण्याची वाट पाहिली, झाकण काढले आणि माझ्याकडे दिले. मी सवयीने हात पुढे केलेलाच होता. त्याने आत पाहिले, बाटलीकडे पाहिले. "काका, बाटली फुल आणि रेडिएटर खाली? द्या बघू ते."

मी झाकण दिले. त्याने ते उलटे केले. खाली स्प्रिंग, स्प्रिंगच्या टोकाला पातळ रबरी चकती. त्याने चकतीच्या कडेला अंगठ्याचे नख लावले आणि रबराचा कपचा बिस्किटाच्या तुकड्यासारखा निघून खाली पडला. वरची, झाकणाला लागून असलेली मोठी चकतीसुद्धा तळहाताच्या रेषांसारखी तडकलेली होती.

कुकरचा भात रोज खाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागावे, याची लाज वाटते. झाकणावर ०.९ असा आकडा कोरलेला होता. तेवढ्या, म्हणजे ०.९ बार जादा दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते, म्हणून इंजिन शंभरी ओलांडूनही शांत राहू शकते. खालचे रबर गेले की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळते आणि बाटलीत पळते. गाडी निवली की तेच पाणी परत रेडिएटरमध्ये ओढले जायला हवे. पण वरचे रबर फाटलेले असल्याने रेडिएटर पाण्याऐवजी हवा ओढत होता. म्हणून बाटली तुडुंब आणि रेडिएटर कोरडा. रेडिएटरवाल्यांनी सगळे तपासले होते, पण त्यांच्या बुचाने. पंप पाहिला, झडप पाहिली, पंखा पाहिला. जे बिघडले होते ते दर वेळी मी हातात धरून उभा होतो.

नवे झाकण दीडशे रुपयांना मिळाले. थर्मोस्टॅटही परत बसवून घेतला; मिस्त्रींनी तो डब्यात जपून ठेवला होता आणि बसवण्याचे पैसे वेगळे घेतले. पंख्याचा सेन्सर पूर्ववत जोडला, पण ते पांढरे बटण काढले तर डॅशबोर्डला भोक दिसते, म्हणून तसेच राहू दिले आहे. माझे मेहुणे गाडीत बसले की ते एकदा तरी दाबतात आणि मग दाराकडे पाहतात.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा वसईला निघालो. गायमुखच्या चढाला पुढे-मागे तेच ट्रेलर होते, काटा मध्यावर खिळ्याने ठोकल्यासारखा उभा होता आणि मी तो मागच्या सर्वांना दिसावा म्हणून जरा बाजूला सरकून बसलो होतो. तेवढ्यात मागून आईने विचारले, "आज ते गरम वारं सोडत नाहीस का रे? गुडघे धरलेत माझे."

बायकोने काही न बोलता काच खाली केली.