शिडाची बार्ज टिकली ती शर्यतीमुळे

जुन्या शिडाच्या होड्या जपायच्या असतील, तर त्या पाण्यात ठेवून चालवल्या पाहिजेत आणि त्यासाठी दरवर्षी एक ठरलेले निमित्त असले पाहिजे. इंग्लंडमधील केंट परगण्यात, मेडवे नदीवरच्या टेम्स बार्जांच्या शर्यतीत घालवलेल्या एका दिवसाने माझे हे मत पक्के झाले आहे.

टेम्स बार्ज ही मुळात मालवाहू होडी. लांबी साधारण ऐंशी ते नव्वद फूट, तळ सपाट, आणि शंभर-दीडशे टन माल घेऊनही ती चालवायला तांडेल व एक मदतनीस एवढे दोघे पुरत. डोलकाठीच्या बुंध्यापासून तिरपा वर जाणारा स्प्रिट नावाचा भलाथोरला वासा मुख्य शिडाचे वरचे टोक तोलून धरतो. त्यामुळे शीड खाली उतरवावे लागत नाही. दोर ओढले की ते पडद्यासारखे डोलकाठीकडे गोळा होते. पूल आला तर डोलकाठीच खाली आडवी करता येते. शिडांचा तो तांबूस रंग गेरू आणि माशाच्या तेलाचा. आपल्याकडे होडीच्या लाकडाला मुशीचे तेल चोळणाऱ्यांना त्याचे नवल वाटणार नाही.

या होड्या केंटमधील विटा आणि सिमेंट लंडनला नेत. आसपासच्या शेतांतले गवत लंडनच्या घोड्यांसाठी जाई आणि परतताना त्याच घोड्यांची लीद खत म्हणून येई. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा दोन हजारांहून अधिक बार्ज होत्या. केवळ शिडांवर माल वाहणारी शेवटची बार्ज ‘कॅम्ब्रिया’ 1970 मध्ये थांबली.

शर्यत मात्र त्याआधीपासूनची आहे. लंडनचा कचरा वाहून श्रीमंत झालेल्या हेन्री डॉड यांनी 1863 मध्ये टेम्सवर पहिली शर्यत भरवली. होड्यांची बांधणी सुधारावी आणि त्या चालवणाऱ्यांना मान मिळावा, हा तिचा हेतू होता. मेडवेची शर्यत 1880 पासूनची. माल गेला तरी शर्यतीची तारीख राहिली, आणि माझ्या मते आजच्या बार्ज वाचण्यामागे हे फार मोठे कारण आहे. तारीख ठरलेली असली की तळाची फळी वेळेत बदलली जाते, शिवायला दिलेले शीड वेळेत येते आणि हाताखाली शिकायला कोणीतरी तरुण लागतोच.

मी प्रवासी म्हणून एका बार्जवर होतो. गिलिंगहॅमजवळून निघून, शीअरनेसपाशी मेडवे जिथे टेम्सच्या मुखाला मिळते तिथून बाहेर पडायचे आणि पुन्हा नदीत यायचे, असा मार्ग. जातानाचा वेग डोळ्यांत भरण्यासारखा होता, पण खरे कौशल्य परतीच्या वाटेवर दिसले. वारा आणि ओहोटी दोन्ही समोरून असताना तांडेल होडीला मधल्या खोल पात्रातून न आणता मुद्दाम चिखलाच्या कडेकडेने आणत होता, कारण कडेला ओढ कमी असते. सपाट तळाची होडी वाऱ्याने आडवी सरकू नये म्हणून दोन्ही अंगांना लीबोर्ड नावाच्या मोठ्या फळ्या टांगलेल्या असतात. त्यांपैकी पाण्यात सोडलेल्या फळीचे टोक गाळाला लागले की ती किंचित वर उचलली जाई, मदतनीस मुलगी हाक देई, आणि त्याच क्षणी सुकाणू फिरून होडी दुसऱ्या काठाकडे वळे. पाण्याची खोली मोजण्याची ही रीत कोणत्याही संग्रहालयातील काचेच्या पेटीत ठेवता येणार नाही. ती हाताला आणि कानाला शिकवावी लागते.

हा हौशी आणि पैसेवाल्यांचा खेळ आहे, असे काही मित्र म्हणतील. खर्च मोठा आहे, हे खरेच. पण अनेक बार्ज एरवी प्रवासी नेऊन आपला खर्च भागवतात, आणि ‘कॅम्ब्रिया’ फॅव्हरशॅम येथे दुरुस्त होऊन 2011 मध्ये पुन्हा पाण्यात आली, ती सार्वजनिक निधीच्या मदतीने.

आपल्याकडे बाणकोट, दाभोळ, जयगड, जैतापूर या खाड्यांतून कौले, मीठ, लाकूड घेऊन मुंबईला जाणारी गलबते शिडावर चालत होती. मग इंजिने आली. नव्या होड्या अजूनही बांधल्या जातात, पण शीड वाऱ्याला कसे धरायचे हे स्वतःच्या हाताने केलेली माणसे आता फार वयस्कर आहेत. प्राचीन पद्धतीने काथ्याने शिवलेले ‘कौंडिण्य’ जहाज गोव्यात बांधले गेले आणि मे 2025 मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले, याचा मला मनापासून अभिमान आहे. मात्र एका जहाजावर ही विद्या तगणार नाही. तिला खाडीखाडीतून चालणाऱ्या साध्या होड्या हव्यात.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. दिवाळीनंतर, समुद्र निवळल्यावर, दाभोळ किंवा जयगडच्या खाडीत दरवर्षी एक दिवस फक्त शिडाच्या होड्यांचा असावा. ओहोटीची वेळ साधून सकाळच्या मतलई वाऱ्यावर बाहेर जावे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर भरतीबरोबर आत यावे. महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाने तारीख आणि सुरक्षेची व्यवस्था द्यावी. बक्षिसे तांडेल आणि खलाशांच्या हाती पडावीत, होडीच्या मालकाच्या नव्हे. पहिल्या वर्षी चारच होड्या आल्या तरी चालेल, पण प्रत्येक होडीवर एक जुना तांडेल आणि वीस वर्षांच्या आतली दोन मुले असलीच पाहिजेत, ही अट ठेवावी.