नाव लिहायचंच, पण पाकिटावर नाही

नमस्कार. भ्रष्टाचाराची तक्रार करताना नाव गुप्त ठेवा, या माझ्या सल्ल्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: ‘नाव लपवायला सांगणं म्हणजे भित्रेपणा शिकवणं. जागल्यांसाठी (आतला गैरव्यवहार उघड करणाऱ्यांसाठी) 2014 पासून कायदा आहे, आणि जलसंपदा खात्यातल्या विजय पांढऱ्यांनी 2012 मध्ये सिंचनातल्या गैरव्यवहारावर नावानिशी पत्र लिहिलंच की!’

आधी कायदा. 2014 मध्ये त्यावर राष्ट्रपतींची सही झाली, हे खरं. पण तो लागू कधीपासून, हे केंद्राने अधिसूचना काढून ठरवायचं होतं आणि ती अधिसूचना निघालेलीच नाही. नाव फोडणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद, कारवाई सूडाची नाही हे सिद्ध करायचा भार खात्यावर, ही सगळी कलमं छापील आहेत, बस्स.

आज चालतो तो केंद्राचा 21 एप्रिल 2004 चा ठराव, म्हणजे पीआयडीपीआय (जनहितार्थ माहिती उघड करणं आणि माहिती देणाऱ्याचं संरक्षण). त्यामागे हा प्रसंग आहे: महामार्ग प्राधिकरणातल्या सत्येंद्र दुबे यांनी तिथल्या भ्रष्टाचाराबद्दल, नाव गुप्त ठेवायची विनंती करून, पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं होतं. पत्र नावासकट फायलींतून फिरलं. 27 नोव्हेंबर 2003 ला बिहारमधल्या गयेत त्यांचा खून झाला. सीबीआयने तो लुटीचा प्रकार मानला; नाव फुटलं होतं, हे त्याने पुसलं जात नाही.

या ठरावाखाली निनावी तक्रार घेतच नाहीत. नाव-पत्ता आतल्या कागदावर लिहायचा, पाकिटावर नाही. बंद पाकिटावर ‘पीआयडीपीआय’ असं ठळक लिहून ते सचिव, केंद्रीय दक्षता आयोग, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली 110023 इथे टपालाने पाठवायचं. ई-मेल किंवा पोर्टलवरून केलेल्या तक्रारीला हे संरक्षण मिळत नाही. खरा घोळ शेवटच्या ओळीत होतो: ‘प्रत माहितीसाठी: मा. मंत्री, मा. आमदार, सर्व वृत्तपत्रे’. तिथे गुप्तता संपली. मजकुरात ‘मी दोनदा टिपणी ठेवली’ असं लिहिलं, किंवा तिघांकडेच असलेला कागद जसाच्या तसा जोडला, तरी तेच. तक्रारीआधी स्वतःच्या नावाने माहिती अधिकाराचा अर्ज टाकणं म्हणजे तक्रार कोणी केली याचा पुरावाच पुरवणं. पत्ता घरचा द्या. तक्रार तुमचीच ना, हे आयोग पत्राने विचारतो. ते पत्र कार्यालयाच्या आवक नोंदवहीत चढलं तर काय, हे सांगायला नको. आणि त्याला उत्तर दिलं नाही तर तक्रार या ठरावाखाली पुढे सरकत नाही.

हे सगळं रेल्वे, राष्ट्रीयीकृत बँका, केंद्राच्या कंपन्या यांच्यासाठी. जिल्हा परिषद, महापालिका, राज्याचं बांधकाम खातं यात बसत नाही. पांढऱ्यांचं उदाहरण इथेच अपुरं पडतं. ते मुख्य अभियंता होते. त्यांचं धैर्य मोठंच, पण टेंडर शाखेतल्या कनिष्ठ लिपिकाला त्या पदाचं वजन कुठून आणायचं? त्याच्यावर बहुधा निलंबन येत नाही, बदली येते. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला त्यावर 2005 चा बदल्यांचा कायदा उपयोगी पडतो. बदल्या एरवी एप्रिल-मेमध्ये. मध्येच किंवा मुदतीआधी बदली करायची तर कारणं लेखी नोंदवून वरिष्ठ सक्षम अधिकाऱ्याची आधी मंजुरी लागते. म्हणून आदेश हातात पडताच ती कारणं आणि मंजुरी असलेली टिपणी माहिती अधिकारात मागवा (आता नाव दिलं तरी चालेल, बदली तुमचीच आहे) आणि त्याच वेळी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) स्थगितीचा अर्ज टाका. माहितीसाठी 30 दिवस थांबून मग मॅटमध्ये गेलात, तर तोवर तुमच्या खुर्चीत दुसरा रुजू झालेला असतो आणि स्थगिती मिळणं अवघड होऊन बसतं.